कॉम्प्युटरचं झबलं

आमचा कॉम्प्युटर का तापतो, हे पहिल्या दिवसापासून घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शेजाऱ्यांना ठाऊक होतं. दुरुस्तीला येणाऱ्या पांडुरंगला ठाऊक होतं. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर एकदा जनेलातून आत डोकावला, तेव्हा त्यालाही ते कळलं आणि तो मान हलवून निघून गेला. तरी आम्ही त्या यंत्राला एकामागून एक पंखे लावत गेलो. तुम्ही आम्हाला मूर्ख म्हणाल. खुशाल म्हणा. मी सरकारी नोकरीत आहे, मला सवय आहे.

कॉम्प्युटर तापत होता तो त्याच्या अंगातल्या झबल्यामुळे. आणि ते झबलं आईने विणलं होतं. उजव्या हाताने.

हा उजवा हात कळल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही, म्हणून तेवढं सांगतो. आदल्या चतुर्थीचे गणपती पोचवले आणि त्याच आठवड्यात आईला अर्धांगाचा झटका आला. महिन्याभरात बोलणं सुधारलं, पाय सुधारला, पण उजवा हात मांडीवर ठेवला तर मांडीवरच राहायचा. डॉक्टर म्हणाले, बोटं चालती ठेवा, आखडली की परत सुटायची नाहीत. आम्ही तिला दाबायला रबराचा चेंडू आणून दिला. तो तिने मांजराला फेकून मारला, डाव्या हाताने. मग एके दिवशी तिने आपणहून ट्रंकेतली क्रोशाची सुई मागितली आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ मागितलं, आणि माझ्या मुलीच्या, गौरवीच्या, नव्या कॉम्प्युटरकडे बघून म्हणाली, "त्याच्या अंगावर काहीतरी हवं."

हे म्हणणं आमच्याकडे अगदी रीतीला धरून आहे. आम्ही मुळगावचे. डिचोलीच्या या अंगाला खाणीचे ट्रक दिवसभर चालतात आणि तांबडी धूळ कुणाला विचारून घरात येत नाही. त्यामुळे आमच्या घरात उघडं असं काही राहत नाही. फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, टेलिफोनला कव्हर, आणि चांगल्या कव्हरांना धूळ लागू नये म्हणून त्यांच्यावर प्लास्टिकचं आणखी एक. मनीषाला, म्हणजे माझ्या बायकोला, लग्नात मिळालेली सुटकेस अजून पहिल्या कव्हरात आहे. तिचा खरा रंग कोणता यावरून आमच्यात मतभेद आहेत.

आई थंडीभर विणत होती. सुरुवातीला सुई निसटायची, टाका सुटायचा, ती तोंडातल्या तोंडात त्या सुईला नावं ठेवायची आणि परत घालायची. शिगमा आला तोवर झबलं तयार झालं. झबलं मी उगाच म्हणत नाही. कॅबिनेटच्या डोक्यावरून घालायचं, दोन्ही बाजूंनी खाली ओढायचं आणि मागे तीन बटणं लावायची. पुढे दोन गुलाब, खाली झालर. कॉम्प्युटर सुरू करायच्या बटणाच्या जागी तेवढं एक बोट जाईल असं भोक. शेवटचं बटण लावून झाल्यावर आईने हात वर केला. पाचही बोटं मिटली, पाचही उघडली. मनीषा स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी रडलो नाही. मी हेडक्लार्क आहे. मी परसात जाऊन माड बघत उभा राहिलो.

त्या दिवशी आम्ही एकमताने ठरवलं की आईने पुष्कळ केलं, आता तिने आराम करायचा. मनीषाने सुई आणि उरलेला दोरा ट्रंकेत नीट ठेवून दिला. आणि कॉम्प्युटर होता आईच्याच खोलीत, कारण रस्त्यापासून सगळ्यात लांबची खोली तीच. आई कदेलावर, म्हणजे तिच्या खुर्चीवर, बसायची, समोर कॉम्प्युटर, त्याच्या अंगात झबलं. आता म्हणा, झबलं काढा. म्हणायला काय जातं. तुम्ही येऊन काढा.

एप्रिल लागला आणि यंत्र बंद पडू लागलं. गौरवी शेवटच्या वर्षाला होती, तिला कॉलेजसाठी प्रकल्प लिहायचा होता. ती पान-दीड पान लिहायची, आतून घरघर यायची आणि पडदा काळा. पांडुरंगला बोलावलं. पांडुरंग हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, रेडिओ गेले तेव्हा टीव्हीकडे वळला आणि आता कॉम्प्युटरकडे. त्याने कॅबिनेटवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला.

"ह्याला वारा मिळत नाही," तो म्हणाला. "हे अंगातलं आधी..."

मी खाकरलो. मनीषाने चहाचा कप त्याच्या हातात जवळजवळ कोंबला. गौरवी त्याच्या पायावर उभी राहिली. पांडुरंगने आईकडे पाहिलं, आईच्या हाताकडे पाहिलं, झबल्यावरच्या गुलाबांकडे पाहिलं. संसारी माणूस आहे, समजला.

"आतून एक पंखा वाढवूया," तो म्हणाला.

अशी सुरुवात झाली. पत्र्याला मागे भोक पाडून त्याने पंखा बसवला, वर झबलं परत घालून तिन्ही बटणं लावली, आणि पंखा आतली गरम हवा आतल्या आत फिरवू लागला. पूर्वी यंत्र दीड पानावर बंद पडायचं, आता दोन पानांवर. मला ही प्रगती वाटली. सरकारी कामात याहून कमी प्रगतीवर नारळ फोडलेले मी पाहिले आहेत.

दुसरा पंखा बसवला तेव्हा एक प्रयोग मी केला होता, तो सांगायलाच हवा. आई न्हाणीत गेल्याचं पाहून मी हळूच मागचं एक बटण काढलं. आई त्या दिवशी लवकर परत आली. मी बटणाशी, ती दारात. ती आत आली, कदेलावर बसली आणि उजवा हात पदराखाली घेऊन तो डाव्या हाताने चोळत राहिली. मी बटण लावलं आणि बाहेर येऊन मनीषाला म्हणालो, "झालं. मी तिचं मन मोडलं."

"तुम्हाला एक काम धड करता येत नाही," मनीषा म्हणाली.

"मग तू काढ."

"मी सून आहे," ती म्हणाली, आणि तो विषय तिथे संपला.

मग शेजारी आले. आमच्या वाड्यावर कुणाच्या घरी दुखणं आलं तर लोक जेवढ्या आस्थेने येतात, तेवढ्याच आस्थेने कॉम्प्युटरसाठी आले. पहिला आला बाबली. हा सावंतवाडीकडचा, खाणीवर स्वतःचा ट्रक चालवतो, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीकडे ट्रक म्हणून बघतो.

"भाऊ, गाडी गरम झाली तर आमी काय करतंव?" तो म्हणाला. "बॉनेट उघडतंव."

"बॉनेट उघडता येत नाही, बाबली."

बाबलीने आईकडे पाहिलं. "नाय उघडूचा तर नाय," तो म्हणाला. "मग बाहेरसून वारो घालूक होयो."

आणि त्याने आपल्या ट्रकच्या केबिनमधला छोटा पंखा सोडवून आणला. तो बॅटरीवर चालणारा, म्हणून बॅटरीही आणली. आता आईच्या खोलीत मेजाखाली ट्रकची बॅटरी, मेजावर ट्रकचा पंखा, आणि त्या पंख्यावर लिहिलेलं 'आईचा आशीर्वाद'. बाबली आठवडाभर घाम पुसत ट्रक चालवत होता, पण त्याने तक्रार केली नाही.

नंतर प्रभावतीबाई आल्या. या शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि निवृत्तीनंतर गावातला एकही माणूस त्यांनी अशिक्षित राहू दिलेला नाही. त्यांनी पाण्याने भरलेली मातीची घागर यंत्राशेजारी ठेवायला लावली, जनेलाला ओला पडदा लावायला सांगितला, आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जयराम, खरं कारण तुला ठाऊक आहे ना?"

"आहे."

"मलाही आहे," त्या म्हणाल्या. "पण पद्मावतीला सांगायचं नाही हां कुणी. त्या हाताने विणलंय ते तिने." आणि डोळे टिपत निघून गेल्या.

असं सगळं गाव एका झबल्याची अब्रू राखत होतं. मला गहिवरून यायचं. फक्त यंत्र बंद पडायचं थांबत नव्हतं, कारण यंत्राला आमच्या भावना समजत नव्हत्या.

तेव्हा मला आमच्या कचेरीतल्या पंख्याची आठवण झाली. कचेरीचं नाव मी सांगणार नाही, माझं पेन्शन व्हायचं आहे. आमच्या अडगळीत एक जुना टेबलपंखा होता, लोखंडी, जड, सुरू केला की समोरची फाईल पलीकडच्या खात्यात जायची. तो निकामी ठरवून निकालात काढायचा होता. निकालात काढायला तीन जणांची बोली लागते आणि घेणारा मी एकटा. म्हणून मी दोघा सहकाऱ्यांना विनंती केली की नावापुरती माझ्यापेक्षा कमी बोली लावा. एकाने लावली. दुसरा भिकाजी. तो म्हणाला, नावापुरती असली तरी बोलीला काही प्रतिष्ठा आहे की नाही, आणि जास्त लावून बसला. पंखा भिकाजीला सुटला. त्याच्या घरी पंख्यांना तोटा नव्हता, त्यामुळे तो आता पुरता गोंधळला. शेवटी त्याने तो मला वापरायला दिला, पण माझ्याकडे असं बघत की जणू मीच त्याला या भानगडीत ओढला. पंख्याला पुढची जाळी नव्हती. चौकशी केली तर कळलं, जाळी आदल्या वर्षीच वेगळी निकालात निघाली होती.

पंखा घरी आला आणि खोलीचं रूप बदललं. आतले दोन, ट्रकचा एक, आणि हा कचेरीचा. चारही सुरू केले की घरातले दिवे मंद व्हायचे, स्वयंपाकघरात मिक्सर कण्हायचा आणि ओला पडदा सरळ आडवा उडायचा. गौरवी कागदांवर नारळ ठेवून लिहीत होती. यंत्र चार पानांपर्यंत गेलं. आम्ही पाचव्याची वाट बघू लागलो.

पण मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सगळा वारा यंत्रावरून वळून आईच्या कदेलावर येत होता. एप्रिलच्या उकाड्यात सगळा गाव उघड्याबंब अंगाने ओसरीवर, बाल्कांवात बसलेला, आणि माझी आई खोलीत शाल घेऊन, कानाला रुमाल बांधून. उजवा हात शालीत. जेवताना तिने घास डाव्या हाताने घेतला. मी पाहिलं, मनीषानेही पाहिलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

"आई, हात दाखव बघू," मी म्हणालो.

"हाताला काय झालंय," ती म्हणाली. "हात आहे तिथे आहे."

मी जबरदस्तीने शाल बाजूला केली. बोटं आत वळली होती. मी ती सरळ करायला गेलो तर तिने ओठ घट्ट मिटले. तिने थंडीभर बसून टाक्याटाक्याने सोडवलेली बोटं. मला वाटलं, हे पंख्यांनी केलं, म्हणजे मीच केलं, एका झबल्यासाठी. मी मनीषाला बाहेर नेऊन म्हणालो, "रविवारी पांडुरंगला बोलाव. पंख्यांची तोंडं फिरवू. वारा यंत्राला लागला पाहिजे, आईला नाही. आणि ह्याने नाही भागलं तर गौरवीने मैत्रिणीकडे जाऊन लिहावं, आणि हे यंत्र झबल्यासकट झाकून ठेवू. आईचं मन आधी."

मनीषाने मान हलवली. तुमच्या लक्षात आलं असेल, झबलं काढायचं हे तेव्हाही आमच्यापैकी कुणाच्या तोंडून निघालं नाही.

रविवारी सकाळी सगळे जमले. पांडुरंग मेजाखाली, बाबली आपल्या बॅटरीपाशी, प्रभावतीबाई घागरीपाशी देखरेखीला. कचेरीचा पंखा फिरवून झबल्याच्या अगदी मागे, बटणांपाशी आणून ठेवला, म्हणजे हवा थेट पत्र्याच्या भोकात जाईल. आई कदेलावर. पांडुरंग म्हणाला, "चालू करा," आणि मी, घरचा कर्ता म्हणून, पंख्याचं बटण दाबलं.

माझ्याच हाताने एकदा काढून घाईघाईत लावलेलं झबल्याचं ते बटण सैल झालं होतं. वाऱ्याने ते सुटलं, झालरीचं टोक उडालं आणि जाळी नसलेल्या पंख्यात गेलं. कट्ट असा आवाज झाला. आणि मग पंख्याने दोरा धरला.

क्रोशाचं काम तुमच्यापैकी कुणी उसवलेलं असेल तर ठाऊक असेल. एकदा टोक सापडलं की ते थांबत नाही. झालर सरसर सुटू लागली. पंखा फिरतोय, दोरा त्याच्या गाभ्याला गुंडाळतोय, कॅबिनेट मेजावर गदगदा हलतंय, आणि आमच्या डोळ्यांदेखत पहिला गुलाब पाकळीपाकळीने नाहीसा होतोय. पांडुरंग मेजाखालून उठायला गेला आणि त्याचं डोकं मेजाला आपटलं. बाबलीने सवयीने ब्रेक मारल्यासारखा पाय दाबला, तो घागरीवर. घागर फुटली, पाणी बॅटरीकडे निघालं. प्रभावतीबाई "बंद कर, बंद कर" म्हणत राहिल्या, पण कुणाला ते सांगितलं नाही, त्यामुळे कुणीच बंद केलं नाही. शेवटी मी मेन स्विचकडे धावलो, ओल्या जमिनीवर घसरलो आणि बसल्या बसल्याच स्विचपाशी पोचलो. धावताना माझ्या धोतराची काय अवस्था झाली ते लिहिण्याचं कारण नाही.

पंखा थांबला. अर्धं झबलं कॅबिनेटच्या खांद्यावर लोंबत होतं आणि एक दोरा तिथून पंख्यापर्यंत ताणलेला होता.

मी आईकडे बघायला तयार नव्हतो. पण बघावं लागलं. आई त्या दोऱ्याकडे बघत होती, आणि तिचे खांदे हलत होते. मनीषा तिच्याकडे धावली. जवळ जाऊन पाहते तर आई हसत होती. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आई," मी जमिनीवरूनच म्हणालो, "मी परत विणून घेईन, कुणाकडून तरी, तस्संच..."

"कुणाकडून?" आई म्हणाली. ती कदेलावरून उठली, पाय ओढत मेजापाशी आली, आणि कॅबिनेटवर तळहात ठेवला. "तापलंय की हे. ह्याच्यामुळे तापत होतं?"

सहा मोठी माणसं जमिनीकडे बघत होती.

"आणि हे तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं?" तिने बाबलीकडे पाहिलं. बाबली म्हणाला, "काकी, माका पयल्या दिसापासून..." आणि पुढचं गिळलं.

आई गौरवीला म्हणाली, "काढ ते."

"आजी, पण तू ते त्या हाताने..."

"हातासाठी विणलं, गो. कॉम्प्युटरासाठी कुणी विणलं होतं?" मग तिने माझ्याकडे पाहिलं. आता इतका वेळ मी आमचं बोलणं मराठीत लिहिलं आहे. आमच्याकडे बोलायचं कोंकणीत आणि लिहायचं मराठीत, ही आमची जुनी खोड. पण तिचं पुढचं वाक्य मला मराठीत आणता येत नाही, म्हणून जसंच्या तसं देतो.

"म्हाका सांबाळूं नाकात रे," ती म्हणाली. "म्हाका काम सांगात." मला सांभाळू नका, काम सांगा, हा झाला त्याचा नुसता अर्थ.

मग तिने सांगितलं, आणि ते ऐकताना मला जमिनीवरून उठावंसं वाटेना. झबलं संपलं, सुई ट्रंकेत गेली, आणि त्या दिवसापासून तिच्या हाताला कुणी काही मागितलं नाही. तांदूळ निवडायला घेतले तर मनीषाने काढून घेतले. लसूण सोलायला बसली तर गौरवी म्हणाली, आजी तू बस. बोटं आखडायला लागली ती तेव्हापासून, पंखे यायच्या कितीतरी आधी. ती हात पदराखाली घेऊन चोळायची, कारण आम्हाला दिसलं तर आम्ही आणखी आराम करायला लावू अशी तिला भीती होती. आणि आम्ही सगळे ज्याची अब्रू राखत होतो, त्या झबल्याकडे तिने महिनाभरात धड पाहिलंही नव्हतं.

त्या दिवशी दुपारभर तिने उरलेलं झबलं उसवलं. मी समोर दोन्ही हात पसरून बसलो, ती माझ्या हातांवर दोरा घालत होती. उजव्या हाताने, थांबत थांबत. मी जरा हललो की म्हणायची, "सरळ धर." पांडुरंगने यंत्रातले पंखे काढून नेले, बाबलीने आपला पंखा ट्रकात बसवला, भिकाजीचा भिकाजीला परत केला आणि त्याने तो घेताना पुन्हा तसंच पाहिलं. गौरवी उघड्याबोडक्या कॉम्प्युटरवर सलग लिहीत होती आणि तो मुकाट चालत होता. धूळ यायची ती रोज सकाळी फडक्याने पुसायची, एवढं साधं काम निघालं. तेही आईने मागून घेतलं.

सोमवारी कचेरीला निघताना मी शर्ट घातला, आरशात पाहिलं, आणि काढला. तो घेऊन आईसमोर गेलो.

"आई, ह्याचं एक बटण तुटलंय. लावून दे."

मनीषा लगेच पुढे झाली. "अहो, द्या इकडे, मी एका मिनिटात..." मी तिचा हात धरला. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग तीही थांबली.

आईने सुईत दोरा ओवायला घेतला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा चुकला. सुई खाली पडली, ती तिने स्वतःच वाकून शोधली, त्या सुईला नावं ठेवत. रस्त्यावर डिचोलीच्या बसचा हॉर्न वाजला, बस थांबली, आणि माझी वाट न बघता निघून गेली. आई दातांत दोरा धरून बोटं हळूहळू मिटत होती, उघडत होती. मी गंजिफ्रॉकावर तिच्यासमोर जमिनीवर बसलो होतो, आणि मला कुठेही जायचं नव्हतं.